मदत हवी आहे : रूगरच्या बंद झालेल्या पी-मालिकेतील जुने पिस्तूल घ्यावे का?

धागाकर्ता

नमस्कार. मी अॅरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे शस्त्रखरेदीला कायद्याची अडचण नाही. बराच काळ रेंजवरच्या भाड्याच्या पिस्तुलांवर सराव केल्यानंतर आता स्वतःचे ९ एमएम पिस्तूल घ्यायचे ठरवले आहे. उपयोग मुख्यतः सरावासाठी, आणि घरी कुलूपबंद पेटीत ठेवण्यासाठी. अंगावर बाळगण्याचा विचार नाही.

जवळच्या दुकानात वापरलेल्या शस्त्रांच्या कपाटात रूगर या अमेरिकी कंपनीची दोन पिस्तुले पाहिली. एक पी-८९, म्हणजे अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे आणि पोलादी स्लाइडचे (स्लाइड म्हणजे गोळी झाडताना मागेपुढे सरकणारा वरचा भाग). दुसरे पी-९५, पॉलिमरच्या सांगाड्याचे. दोन्हींची किंमत ३०० डॉलरच्या आतबाहेर आहे. या मालिकेची सुरुवात पी-८५ पासून झाली आणि २०१३ मध्ये कंपनीने शेवटची मॉडेलेही बंद केली, एवढे मला माहीत आहे. इंग्रजी चर्चांमध्ये 'रणगाड्यासारखे मजबूत' आणि 'विटेसारखे बेडौल' ही दोन्ही विशेषणे एकाच दमात वाचायला मिळतात, त्यामुळे निर्णय करणे उलट कठीण झाले आहे.

ज्यांच्याकडे ही पिस्तुले आहेत किंवा होती, त्यांच्याकडून मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. किंमत इतकी कमी असण्यामागे काही दोष आहे, की केवळ चलती संपली म्हणून ती उतरली? मॅगझिन (गोळ्या भरण्याचा काढता कप्पा), स्प्रिंग यांसारखे सुटे भाग अजून मिळतात का? पी-८५ दोषामुळे कंपनीने परत मागवल्याचे वाचले, ते पी-८९ ला लागू होते का? आणि पत्नीलाही सराव करायचा आहे, पण तिचा हात लहान आहे. तिला यांपैकी कोणते झेपेल?

जुना नेमबाज

माझ्याकडे नव्वदच्या दशकापासून पी-८९ आहे आणि नंतर घेतलेले पी-९५ देखील आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा किमतीविषयी. ही पिस्तुले आज जुनी म्हणून स्वस्त झालेली नाहीत. नवी असतानाही ती स्पर्धकांपेक्षा स्वस्तच होती, आणि त्याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. इतर कंपन्या सांगाडा घडीव धातूच्या ठोकळ्यातून कोरून काढत असताना रूगरने ओतकामाचा मार्ग धरला. आपल्याकडे पितळी मूर्ती ज्या पद्धतीने घडतात, म्हणजे आधी मेणाचा आकार, त्यावर साच्याचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू, तीच पद्धत औद्योगिक काटेकोरपणाने वापरून हे सांगाडे तयार होत. न्यू हॅम्पशायरमधील न्यूपोर्ट येथे कंपनीची 'पाइन ट्री कास्टिंग्ज' ही स्वतःची ओतशाळा आहे, आणि पिस्तुलांचा कारखाना तुमच्याच राज्यात, प्रेस्कॉटला. ओतलेल्या भागावर यंत्रकाम कमी लागते, म्हणून खर्च कमी. मात्र ओतीव भागाला पुरेशी ताकद यावी म्हणून धातू सढळ हाताने ठेवलेला असतो, म्हणून पिस्तूल जाड. जो जाडपणा या पिस्तुलाला टिकाऊ करतो, तोच त्याला हातात बोजड करतो. म्हणून तुम्ही वाचलेली दोन्ही विशेषणे खरी आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे.

अमेरिकी लष्कर जुन्या पॉइंट ४५ (इंच मापाच्या गोळीच्या) पिस्तुलांच्या जागी ९ एमएम शोधत होते, त्या काळात पी-८५ ची आखणी झाली. १९८५ मध्ये लष्कराने बेरेटा या इटालियन कंपनीच्या पिस्तुलाची निवड केली, आणि रूगरचे पिस्तूल बाजारात आले ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. लष्कराची मोठी मागणी हुकली तरी तो लष्करी साचा मात्र अंगात राहिला : दुहेरी क्रियेचा चाप (पहिल्या ओढीत घोडाही मागे ओढणारा), उघडा घोडा, स्लाइडवर दोन्ही बाजूंना सेफ्टीचा खटका आणि १५ गोळ्यांचे मॅगझिन.

परत मागवण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सुरुवातीच्या पी-८५ मध्ये फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आदळणारी सळई) मोडलेली असेल, तर खटका दाबून घोडा खाली उतरवताना गोळी सुटण्याचा धोका होता. कंपनीने तो बदल विनामूल्य करून देण्याची सोय केली आणि पुढे सुधारित 'मार्क टू' आवृत्ती काढली. पी-८९ ही त्यानंतरची रचना असल्याने तिला ते लागू नाही. पण दुकानदाराने 'हेही त्यातलेच, आणखी स्वस्तात देतो' म्हणून बदल न केलेले पी-८५ पुढे केले, तर ते घेऊ नका.

पी-९५ बद्दल लोकांच्या मनात एक भीती असते. १९९६ साली आलेल्या या पिस्तुलाचा सांगाडा लांब काचतंतू मिसळलेल्या पॉलियुरेथेनचा आहे, आणि स्लाइड ज्या कडांवरून सरकते त्या कडाही पॉलिमरच्याच आहेत. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांत असतात तशा धातूच्या पट्ट्या तिथे बसवलेल्या नाहीत. कागदावर हे पोरकट वाटते. प्रत्यक्षात माझ्या पी-९५ च्या त्या कडा इतक्या वापरानंतरही घासून ढिल्या झालेल्या नाहीत, आणि मला भेटलेल्या इतर मालकांचीही त्याबद्दल तक्रार नाही.

अचूकतेबद्दल मात्र अवाजवी अपेक्षा ठेवू नका. घरगुती उपयोगाला आणि सरावाला ती पुरेशी आहे, स्पर्धेला नाही. या घराण्यात नेम धरावा असे वाटायला लावणारे पिस्तूल म्हणजे पॉइंट ४५ चे पी-९०. ते कुठे बऱ्या अवस्थेत दिसले, तर निदान हातात घेऊन पाहा.

ओहायोकर

वरील प्रतिसादातील तांत्रिक माहिती बरोबर आहे, परंतु त्यातून ध्वनित होणाऱ्या शिफारशीशी मी सहमत नाही. धागाकर्त्यांच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे. पत्नीचा हात लहान असेल, तर पिस्तूल किती वर्षे टिकेल यापेक्षा बोट चापापर्यंत नीट पोहोचते का हे आधी पाहायला हवे. या मालिकेत मुठीत दुहेरी रांगेचे मॅगझिन असल्याने मूठ रुंद आहे, आणि घोडा खाली असताना चाप बराच पुढे असतो. पहिली गोळी झाडताना तोच चाप घोडा मागेही ओढतो, म्हणून ती ओढ लांब आणि जड. दुसऱ्या गोळीपासून घोडा आधीच मागे असल्याने ओढ एकदम आखूड आणि हलकी. नवशिक्या व्यक्तीला एकाच पिस्तुलात दोन वेगळे चाप शिकावे लागतात. आजची सामान्य किमतीची नवी पिस्तुले पहिल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत एकसारखी ओढ देतात, त्यांची मूठ सडपातळ असते आणि थोडे पैसे जास्त मोजले की ती मिळतात. खुद्द रूगरने २००७ मध्ये एसआर-९ आणले, ते याच कारणासाठी अरुंद आणि घोडाविरहित केले होते.

शिवाय पी-मालिकेसाठी म्यान, रात्री दिसणारे दर्शक असल्या जोडवस्तू दुकानात आता क्वचितच दिसतात. केवळ जुन्या काळच्या दणकटपणाच्या प्रेमापोटी खरेदी करायची असेल तर गोष्ट वेगळी. माझ्याकडेही एक आहे आणि मी ते विकलेले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

टेक्सासवासी

विषय पिस्तुलाच्या निवडीचा आहे, तरी हा धागा एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेले वाचकही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहितो. बिगरस्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला शस्त्र किंवा गोळ्या बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय स्वतःला लागू करून घेऊ नयेत. ग्रीन कार्डधारकांना परवानाधारक दुकानातून खरेदी करता येते. खरेदीच्या वेळी दुकानात ४४७३ क्रमांकाचा संघीय अर्ज भरताना नागरिकत्वाच्या रकान्यात खरी माहिती द्यावी आणि ग्रीन कार्डवरील एलियन क्रमांक सोबत ठेवावा.

दुसरे असे की, पुढेमागे भारतात परतण्याचा विचार असेल तर हे पिस्तूल सोबत नेता येईल असे गृहीत धरू नका. तिकडे ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापांत मोडते. सामान्य परवानाधारकाकडे पिस्तूल असलेच तर ते बहुधा पॉइंट ३२ चे असते. निघण्यापूर्वी इथेच रीतसर विक्री करावी लागेल.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ओहायोकरांचा मुद्दा पटल्याने पत्नीला घेऊन पुन्हा दुकानात गेलो. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, दुकानदाराच्या परवानगीने तिने दोन्ही हातात घेतली. पी-८९ चा चाप पहिल्या ओढीला तिच्या बोटाच्या अगदी टोकावर येतो. पी-९५ मध्ये फार फरक नाही, पण वजन कमी असल्याने ते तिला स्थिर धरता येते. तिचे म्हणणे असे की मला माझे वेगळे, हलक्या चापाचे पिस्तूल नंतर घेऊ, आणि हे तुम्हाला हवे आहे तर तुमच्यासाठी म्हणून घ्या, माझे नाव पुढे करू नका. हा युक्तिवाद बिनतोड आहे.

म्हणजे प्रश्न आता माझ्यापुरता उरला आणि माझा कल पी-९५ कडे आहे. त्याच्या पेटीवर 'केपी९५डी' असे लिहिलेले आहे आणि खटका सोडला की आपोआप वर येतो. याचा अर्थ काय, आणि विकत घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

जुना नेमबाज

वहिनींचा निवाडा योग्य आहे. पेटीवरील 'के' म्हणजे स्टेनलेस पोलादाची स्लाइड. शेवटचा 'डी' म्हणजे हे केवळ डीकॉकर आहे : खटका दाबला की घोडा सुरक्षितपणे खाली येतो आणि खटका सोडताच वर जातो, वेगळी सेफ्टी नाही. मला हीच आवृत्ती आवडते, कारण खटका चुकून खालीच राहिला आणि ऐनवेळी पिस्तूल चाललेच नाही, असा प्रसंग हिच्यात येत नाही. मात्र सेफ्टी नसल्याने घरी ते पेटीत कुलूपबंदच राहिले पाहिजे, आणि तुमचा विचारही तोच आहे.

तपासणीचा क्रम असा ठेवा. मॅगझिन काढून आणि स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीतली गोळी बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करा. मग दुकानदाराला पिस्तूल उघडून दाखवायला सांगा, आणि इथे गंमत आहे : या मालिकेत स्लाइड मागे अडकवून आतला इजेक्टर (रिकामे काडतूस बाहेर फेकणारा भाग) बोटाने खाली दाबावा लागतो, त्यानंतरच स्लाइड स्टॉपची (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याची) पिन बाहेर काढून स्लाइड पुढे काढता येते. हे माहीत नसलेला माणूस जोर लावत बसतो, आणि जुन्या पिस्तुलांत पिनच्या भोवती ओरखडे दिसले तर आधीच्या मालकाने असाच जोर लावलेला असतो. नळीच्या आत गंजाचे खड्डे नसावेत. सांगाड्याच्या कडांवर, विशेषतः पुढच्या बाजूला, चीर दिसता कामा नये. घोडा मागे ओढून अंगठ्याने मागून ढकलून पाहा, तो जागेवरून निसटता कामा नये. डीकॉकर दोन्ही बाजूंनी चालवून पाहा.

सुट्या भागांचे विचारले होते. मॅगझिनची चिंता करू नका : मेक-गार ही इटालियन कंपनी या मालिकेची मॅगझिने बनवते, आणि पी-८९ चे मॅगझिन पी-९५ मध्येही चालते. मात्र दुकानात मॅगझिनवर लक्ष ठेवा. १९९४ ते २००४ या काळात संघीय निर्बंधामुळे नवी पिस्तुले १० गोळ्यांच्या मॅगझिनसह विकली जात, आणि बऱ्याच जुन्या पेट्यांत अजून तीच असतात. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी) पिस्तूल घेतल्याबरोबर नवी घाला, स्वस्त असते. इतर अंतर्गत भागांसाठी पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या सेवा विभागाला पिस्तुलावर कोरलेला अनुक्रमांक कळवून विचारा. रूगर लेखी हमी देत नाही, तरीही दुरुस्तीच्या बाबतीत तिचा लौकिक चांगला आहे. त्याच क्रमांकावरून निर्मितीचे वर्ष कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि माहितीपुस्तिकाही तिथून फुकट उतरवता येते.

दुकानदार ३०० म्हणत असेल आणि मॅगझिन एकच असेल, तर दुसऱ्या मॅगझिनची किंमत त्यातून वजा करून मागा. बंद झालेल्या मालिकेचा एवढा फायदा तरी ग्राहकाला मिळायलाच हवा.

धागाकर्ता

धन्यवाद. मॅगझिन एकच आहे, आणि तेही १० गोळ्यांचे. शनिवारी जाऊन इजेक्टर दाबून आतले सर्व पाहतो, सेवा विभागाचे उत्तर तोपर्यंत आले तर तेही इथे लिहितो.