साडीच्या दुकानातली गादी काढावी का?

कापडदुकानदार:
नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे साड्यांचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. मध्ये पांढऱ्या चादरीची गादी, भिंतींना फळ्या आणि दाराशी गल्ला ही मांडणी आजही तशीच आहे. लग्नसराईपूर्वी नूतनीकरण करायचे असून गादी काढून काउंटर आणि हँगर लावावेत, म्हणजे गिऱ्हाइकाला आपल्या हाताने साड्या पाहता येतील, असे माझ्या मुलाचे म्हणणे आहे. पूर्वी बस्त्याला आलेली मंडळी दोन-तीन तास बसत असत. अलीकडे मात्र पाच-सहा साड्या पाहून ‘पुन्हा येतो’ म्हणत उठतात. दोष मांडणीचा आहे की आमच्या वागण्याचा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुना विक्रेता:
मी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर बावीस वर्षे साड्या दाखवल्या आहेत. गादी काढू नका, असे मी आग्रहाने सांगेन. बस्त्याला नवरी, तिची आई, आत्या, काकू अशी सात-आठ माणसे येतात; गादीभोवती ती सगळी एकच साडी एकाच वेळी पाहू शकतात, काउंटरवर मात्र पुढच्या दोघींनाच दिसते आणि मागच्या कंटाळून ‘चला’ म्हणू लागतात. ज्येष्ठ बायकांना खाली बसवत नाही, म्हणून गादीच्या कडेला बुटक्या खुर्च्या ठेवा.

वागण्याविषयी एकच गोष्ट तपासा. साडी दाखवून झाली की तुमची दुकानातली कामाची मुले लगेच घडी घालतात का? गिऱ्हाइकासमोर घडी घालू लागणे म्हणजे उठण्याची सूचना देणे होय. चार साड्यांचे पदर शेजारी शेजारी उलगडलेले असतील, तरच तुलना होते आणि तुलना झाली, तरच निर्णय होतो. ज्या साडीवरून तिचा हात दुसऱ्यांदा फिरला, ती तिने न सांगताही बाजूला काढून ठेवावी. पहिला प्रश्न ‘किती रुपयांपर्यंत?’ असा विचारू नये. कार्य कोणते आणि साडी कोणासाठी, हे विचारले की अंदाज आपोआप कळतो.

प्रकाशयोजनाकार:
वरील मताशी मी सहमत आहे; मात्र दिव्यांकडेही पाहा. साडी घेऊन गिऱ्हाईक दाराशी उजेडात जात असेल, तर तिचा आतल्या रंगावर विश्वास बसलेला नाही, असे समजावे. स्वस्त एलईडीखाली लाल आणि राणी रंग मळकट दिसतात. दिवे घेताना ‘सीआरआय’ (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे सांगणारा आकडा) ९० किंवा त्याहून अधिक आहे ना आणि रंगतापमान (प्रकाश पिवळसर की निळसर, याचे माप) ४००० केल्विनच्या आसपास आहे ना, हे पाहावे. आरशापाशी दिवा डोक्यावर न लावता चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना लावावा, कारण वरच्या प्रकाशाने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि खांद्यावर घेतलेली उत्तम साडीही उगाच नापसंत होते. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. ती हातात हलवून दाखवली, तरच तिचे दोन्ही रंग खेळताना दिसतात. हँगरवर ती मुकी होते.

बाजारपेठेचा अभ्यासक:
मुलाचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा पद्धतीचे किराणा दुकान उघडले. तोपर्यंत तिथेही नोकर फळीवरून माल काढून देत असे. डब्यावर नाव आणि किंमत छापलेली असली की विक्रेत्याला विचारण्याची गरज उरत नाही, म्हणून ती पद्धत किराणा मालाला मानवली. रोजच्या वापराच्या सुती आणि सिंथेटिक साड्यांनाही ती मानवेल. त्या दाराजवळ, किमतीच्या चिठ्ठीसह, मोकळ्या ठेवाव्यात. ज्यांना घाईत एकच साडी हवी आहे, त्यांना गादीवर बसण्याचा संकोच वाटतो. भरजरी रेशमी साड्या मात्र हँगरवर लटकत ठेवू नयेत, जरीच्या वजनाने कापडावर ताण येतो.

कापडदुकानदार:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. घडीविषयी वाचून आज दुपारी मी मुद्दाम गल्ल्यावरून पाहत राहिलो. एका ताईंची नजर दुसऱ्या साडीवर असतानाच आमच्या दुकानातल्या कामाच्या मुलाने तीच साडी आवरायला घेतली, आणि माल मळू नये म्हणून ही सवय मीच त्याला लावलेली आहे. गादी राहील. खुर्च्या सुताराला सांगितल्या असून दिवे बदलण्याआधी एकच दिवा आणून राणी रंगाच्या साडीवर पाहणार आहे.