पुट्टीचे पापुद्रे

सुजाता वहिनी: पश्चिमेच्या खोलीतली पुट्टी परत सुटली. सकाळी केर काढला तर सुपभर पापुद्रे. फोटो टाकलाय. चतुर्थीला 19 दिवस राहिलेत. मी आधीच बोलले होते.

पिंट्या: वहिनी, भिंतीवर खानापूर तालुका बरोबर उमटलाय. जांबोटीचा तेवढा कोपरा पडला.

शोभा आत्या: गप बस की रे.

तात्या: प्लास्टिक चिकटवून बघा. दोन फूट बाय दोन फूट तुकडा, चारी कडांना चिकटपट्टी, एक दिवस-रात्र ठेवा. आतल्या अंगाला थेंब आले तर भिंत ओली. बाहेरच्या अंगाला आले तर खोलीतली दमट हवा.

बाळूदादा: गिलावा होऊन दीड महिना झाला तात्या. सात दिवस पाणी मी स्वतः मारलोय. भिंत वाळलीय.

शोभा आत्या: कुठला दीड महिना मोजालास? आषाढ-श्रावणातला? इथं चादर चार दिवस वाळंना, भिंत वाळतीय होय!

राजश्री (पुणे): गवंडी कुणाच्या ओळखीचा होता, दादा?

बाळूदादा: तुझ्या नवऱ्याच्या.

राजश्री (पुणे): तो सेंट्रिंगवाला. हिशेब नीट ठेवा.

बाळूदादा: काढूया की हिशेब. विहिरीच्या मोटारीपासून काढूया.

निपाणीचे मामा: शुभ सकाळ 🙏 गोड बोला, गोड रहा.

पिंट्या: मामा, दुपारचे अडीच वाजलेत.

तात्या: प्लास्टिक चिकटवून बघा. दोन फूट बाय दोन फूट.

शोभा आत्या: आणि तो ओटा बघितलासा काय कुणी? छत्तीस इंच! परवा मी गेलतो तर सुजाता पाटावर उभी राहून भाकरी थापालीय. ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली पाहिजे.

सुजाता वहिनी: मी बत्तीस सांगितले होते आत्या. ह्यांनी स्वतः उभं राहून गवंड्याला उंची दाखवली.

पिंट्या: मग भाकऱ्या दादानंच थापायच्या.

बाळूदादा: मस्करी पुरे. पेंटर उद्या येतोय, दुसरा हात मारून घेतो.

तात्या: मारू नकोस. ती भिंत जांभ्याची, पाणी ओढते. बाहेरून अजून गिलावा नाही आणि पाऊस त्याच अंगानं येतो. आतनं दहा हात मारलास तरी पडणार. प्लास्टिक चिकटवून बघ.

बाळूदादा: बाहेरचा गिलावा का राहिला ते विचारा की. पैसे संपले. तेव्हा ग्रुपवर एकाचा आवाज आला नाही.

राजश्री (पुणे): तू सांगितलं असतंस तर विचारलं असतं. आम्हाला फक्त फरशीचा फोटो आला, 'कशी वाटली?' म्हणून.

शोभा आत्या: आता भांडू नकासा. गणपती बसू दे आधी. त्या खोलीला चुना मारा. चुन्यातनं ओल बाहेर पडती, पुट्टीगत कोंडत नाही. आमचं जुनं घर चुन्यावरच उभं होतं.

निपाणीचे मामा: 👍

(दुसऱ्या दिवशी, दुपारी)

सुजाता वहिनी: काल संध्याकाळी तात्यांनी सांगितलं तसं दोन ठिकाणी चिकटवलं होतं. स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर काही नाही. पश्चिमेच्या खोलीत हे बघा, आतून मोत्यासारखे थेंब. बोट लावलं की ओघळतात.

बाळूदादा: पेंटरला नको म्हणून सांगितलो. आधी पुट्टी खरवडायची, मग चुना. बाहेरचं दिवाळीनंतर, पाऊस गेला की.

राजश्री (पुणे): गिलाव्याचं सिमेंट माझ्याकडून. हिशेबात धरू नको.

बाळूदादा: बरं.

तात्या: मी काय म्हणत होतो, प्लास्टिक चिकटवून बघा.

पिंट्या: तात्या, वरचा फोटो उघडा ओ!

शोभा आत्या: ओट्याचं काय ठरलं?

बाळूदादा: आत्या, ओटा फोडणार नाही. तो कडाप्पा उचलायला चौघं लागलेत. पाट मोठा करून देतो.