बस सुधारताना तुम्हाला कुणी विचारलं का? अनुभव लिहा

मार्ग बदलायच्या आधी जो सर्व्हे होतो त्यात मी काम केलंय. आम्ही फॉर्म घेऊन सकाळी 9 ला थांब्यावर, आणि धुणीभांड्याला जाणाऱ्या बायका साडेपाचच्या गाडीनेच गेलेल्या. शिवाय थांब्यावर बसवालाच भेटणार, तिकीट परवडत नाही म्हणून चालत जाणारा कुठून भेटणार? हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. तुमचं, घरातल्यांचं लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

---

चालत जाणारी म्हणजे माझी आई. मार्ग ‘सरळ’ केले नि मधेच गाडी बदलायला लागली, दुसऱ्या गाडीचं तिकीट वेगळं, मग ती पहिल्या गाडीने जाऊन पुढे पाऊण तास चालायची. तिकिटांच्या हिशोबात ती जवळची प्रवासी! त्यावरून पुढच्या टप्प्याला गर्दी नाही असं काढून फेऱ्या कमी केल्या नसतील कशावरून?

---

पास स्वस्त पडतो हो, पण रोजावर काम असलं की महिन्याचे पैसे एकदम आणायचे कुठून. रोज सुट्टं तिकीट काढून पासवाल्यापेक्षा जास्तच भरलेत आम्ही. लंडनला ऑयस्टर नावाच्या प्रवासाच्या कार्डावर 2005 पासून दिवसाच्या भाड्याला मर्यादा आहे, तेवढे कापले गेले की त्या दिवशी पुढे कितीही फिरा. अर्थात कार्डात आधी पैसे भरावे लागतातच म्हणा.

---

सगळे तिकिटावरच बोलतायत. माझी रात्रपाळी 11 ला सुटायची आणि शेवटची गाडी 10 ला. तिकीट अर्धं केलं काय, फुकट केलं काय, मला काय उपयोग.

---

नकाशावर थांबा आमच्या वस्तीपासून अगदी जवळ आहे, पण नकाशात चढ आणि पायऱ्या दिसत नाहीत ना. आजीचे गुडघे गेलेत, ती दवाखान्याची तारीखच चुकवते. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये 2004 ला डोंगरावरच्या वस्त्यांना मेट्रोशी जोडणारी केबल कार केली, ती तर रोजची वाहतूक म्हणून. आम्हाला निदान एक छोटी गाडी वरपर्यंत द्या.

---

मी कंडक्टर होतो. नवीन गाड्या आल्या, चकाचक, पण टोपली ठेवायला जागाच नाही, आणि वरून तोंडी सांगितलेलं की सामानवाले घेऊ नका. रोजची भाजीवाली मावशी हात करायची, मी दुसरीकडे बघायचो.

---

(धागा मीच काढलाय) दादा, आमच्या फॉर्मात सामानाचा रकानाच नव्हता. मावशी मग कशा जायच्या?

---

तिघीचौघी मिळून टेम्पो करायच्या. तो भरेपर्यंत थांबायचं, मग बाजारात चांगली जागा गेलेली असायची.