ग्रिपर घ्याच, पण कोणत्या माशासाठी ते आधी पाहा

भाऊ, तुम्ही विचारलं की ग्रिपर, म्हणजे गळाला लागलेल्या माशाचा जबडा धरायचा चिमटा, प्लास्टिकचा घ्यावा की स्टीलचा वजनकाट्यावाला, आणि वरच्या उत्तरांत सगळे किमतीवरच बोलून राहिले. पण मासा कोणता ते कोणी विचारलंच नाही न!

मरळ असंल तर ग्रिपर पाह्यजेच. दात बारीक पण धारदार, अन् काठावर आल्यावर ती अशी गरगर फिरते की साध्या चिमट्यात जबडाच पिळून निघतो, म्हणून डोकं फिरणारा म्हणजे स्विव्हलवालाच घ्या, बाकी फीचर गेले उडत. रोहू-कटल्याले मात्र लावूच नका. त्यांच्या जबड्यात दात नसतात, ओठ मऊ असतात आणि तोंड पुढं येतं, तिथं स्टीलचा जबडा दाबला की फाटलंच समजा, त्यांच्यासाठी दांड्याची रबरी जाळी बरी. सिंघाडा माशाचा काटा पाठीवर आणि दोन्ही बाजूच्या परांना असतो, त्यामुळं तोंड ग्रिपरमध्ये असलं तरी दुसरा हात पोटाखाली घालताना सांभाळून.

ग्रिपरच्या वजनकाट्यावर लटकवून वजन करायची हौस मोठ्या माशावर नको, सगळा भार जबड्यावर येतो. सोडायचा असंल तर आडवा धरा, पोटाले ओला हात द्या. आपल्या इकडं मे महिन्यात उन्हात पडलेलं स्टील चटका देते, आधी पाण्यात बुडवा.

गंजायचं टेन्शन गोड्या पाण्यात कमीच, ते कोकणवाल्यांले. दोरी मात्र मनगटाले बांधा, स्टीलवाला तरंगत नाई.