गरिबाला मदत हवी, पण ‘वेल्फेअर’ नको?

वाटसरू

परवा गप्पांच्या ओघात एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांच्या अंतराने दोन वाक्यं ऐकली. पहिलं, “म्हातारपणी कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, सरकारने बघायलाच हवं.” दुसरं, “सगळं फुकट वाटून सरकारने लोकांना आळशी करून ठेवलंय.” हा माणूस ढोंगी नाही. दोन्ही वाक्यं तो मनापासून बोलला. एकाच मनात ती शेजारी शेजारी कशी नांदतात, हे तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

अमेरिकेत ‘जनरल सोशल सर्व्हे’ नावाची जुनी पाहणी आहे. सरकार कुठल्या गोष्टीवर कमी खर्च करतं, असं तीत विचारतात. १९८०च्या दशकात एका गटाला प्रश्नात ‘वेल्फेअर’ हा सरकारी मदत-योजनांसाठीचा तिथला रूढ शब्द दिला आणि दुसऱ्याला ‘गरिबांना साहाय्य’ हे शब्द. ‘वेल्फेअर’वर कमी खर्च होतो असं म्हणणारे साधारण चौथा हिस्सा निघाले. ‘गरिबांना साहाय्य’ म्हटल्यावर तेच प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेलं. देश तोच, काळ तोच, बदलला तो फक्त शब्द. एका शब्दाने डोळ्यांपुढे थकलेली म्हातारी उभी राहते आणि दुसऱ्याने ओट्यावर पाय पसरून बसलेला तरणाबांड गडी.

आता हे दुसरं चित्र येतं कुठून? अल्बर्टो अलेसिना आणि एडवर्ड ग्लेझर या अर्थशास्त्रज्ञांनी जागतिक मूल्य-पाहणीचे आकडे मांडले आहेत. गरीब हे आळशी असतात असं मानणारे अमेरिकेत ६० टक्के, युरोपात २६ टक्के. युरोपातला गरीब काही अमेरिकेतल्यापेक्षा दुप्पट कष्टाळू नसणार. फरक बघणाऱ्यांच्या नजरेत आहे, आणि ज्या समाजाची जशी नजर, तशाच त्याच्या योजना बनतात. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांसाठीचा कायदा बदलला तेव्हा तत्त्व असं ठरवलं, की मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. म्हणजे मदत द्यायची, पण घेणाऱ्याला ती बोचली पाहिजे. तो कायदा गेला, पण अर्जाच्या खिडकीवर ते तत्त्व मला अजून दिसतं.

माझं म्हणणं एवढंच की आपण गरज तपासत नाही, लायकी तपासतो. आणि त्यात सगळ्यात जास्त गरजू माणूसच गळतो. तुम्हाला काय वाटतं?

कर्दळ

लेख चांगला आहे, पण पैसे हातात पडले की दारूत जातात, हे डोळ्यांनी पाहिलंय. धान्य द्या, औषध द्या. रोख नको.

हिशोबी

वाटसरू, कळकळ पोचली. तरी तुम्ही एक बाजू फार लवकर निकालात काढलीत.

संशय घेणारा प्रत्येक जण निर्दय नसतो. माणसं एका साध्या न्यायाने चालतात: मी माझा वाटा उचलतो, तूही उचल. हा न्याय मोडलेला दिसला की राग येतो, आणि तो सर्वांत जास्त येतो श्रीमंताला नाही, तर मदतीच्या रेषेच्या जरासाच वर असणाऱ्याला. तो पहाटे उठून कामाला जातो आणि त्याच्या पदरात काही पडत नाही. त्याला ‘तुझी नजर वाईट’ असं सांगून काय साधणार?

पुराव्याचंही बघू. १९७०च्या दशकात अमेरिकेत सिअॅटल आणि डेन्व्हर इथे कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देऊन पाहिली. कामाचे तास घटले. पुरुषांचे थोडे, विवाहित स्त्रियांचे जास्त. अलीकडचा, २०२४ साली निष्कर्ष आलेला प्रयोग घ्या: कमी उत्पन्नाच्या एक हजार माणसांना तीन वर्षं दरमहा हजार डॉलर विनाअट दिले. बाकीच्यांच्या तुलनेत ती आठवड्याला सव्वा तासाच्या आसपास कमी काम करू लागली. आभाळ कोसळलं नाही, मान्य. पण परिणाम शून्यही नाही. तो अजिबात नसतो असं सांगणाऱ्यांमुळेच लोकांचा विश्वास उडतो.

मोठी गोष्ट पुढेच आहे. रोख वाटणं सोपं आणि शाळा चालवणं अवघड. मतदान जवळ आलं की सरकार सोपं तेच करतं. शाळेत शिक्षक नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, पण खात्यात रक्कम जमा. ही गरिबाची सेवा नाही. जे करायला हवं होतं ते न केल्याचा मोबदला त्याच्या हातावर टेकवला जातो. यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत.

वाटसरू

कर्दळ, तुम्ही पाहिलेलं खोटं नाही. प्रश्न असा की एका घरात पाहिलेलं सगळ्या घरांना लावता येतं का. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतल्या रोख मदतीचे १९ अभ्यास एकत्र करून नेमका हाच मुद्दा तपासला. दारू-तंबाखूवरचा खर्च एकंदरीत वाढलेला दिसला नाही, उलट काहीसा घटलेला दिसला. ज्या घरात पिणारा असतो तिथे तो मदत मिळण्याआधीही पीतच असतो.

हिशोबी, शाळा-दवाखान्यांचा मुद्दा पूर्ण मान्य. तो मी लिहायला हवा होता. कामाच्या तासांबद्दल मात्र थांबा. एक, अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात सरकारी रोख योजनांचे प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा लोक काम सोडतात असा ठोस पुरावा मिळाला नाही. फिनलंडने २०१७ आणि २०१८ ही दोन वर्षं दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो विनाअट दिले. तिथेही काम घटलं नाही, किंचित वाढलंच. दोन, सिअॅटल-डेन्व्हरच्या बायकांनी तास कमी केले म्हणता. घरी मुलं सांभाळणं हे काम नाही का? कारखान्यातला तास हिशोबात धरायचा आणि पाळण्याशेजारचा वगळायचा, मग ‘काम घटलं’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

मृद्‌गंध

मी काही वर्षं अशाच अर्जांच्या खिडकीमागे बसले आहे. कुठे, ते सांगत नाही.

एक बाई यायच्या. नवरा गेलेला, दोन मुलं. एका कागदावर त्यांच्या नावात ऱ्हस्व वेलांटी होती, दुसऱ्यावर दीर्घ. नियमाप्रमाणे अर्ज परत. दुरुस्तीसाठी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथून तिसरीकडे. प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. चौथ्या फेरीनंतर त्या आल्याच नाहीत. आमच्या नोंदीत तो अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून बंद झाला. त्या कुटुंबाचं पुढे काय झालं हे कळायला आमच्या वहीत रकानाच नव्हता.

मला वरून एकच भीती घातलेली होती, अपात्र माणूस आत शिरता कामा नये. पात्र माणूस बाहेर राहिला तर मला कुणी जाब विचारणार नव्हतं. ही एकतर्फी भीती काम करणाऱ्याला हळूहळू कठोर बनवते. मीही झाले होते, आणि ते मला अजून छळतं.

नेदरलँड्ससारख्या सधन, शिस्तीच्या देशातही हेच घडलं. मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या मदतीत फसवणूक शोधायच्या नादात कर खात्याने हजारो पालकांना लबाड ठरवलं. लहानशी चूक असली तरी मिळालेली सगळी रक्कम परत मागितली. कित्येक जण कर्जात बुडाले, त्यांत परदेशी मूळ असलेली कुटुंबं पुष्कळ होती. जानेवारी २०२१मध्ये त्यावरून अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

सांजवात

मी मदतीवर वाढलेली मुलगी आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं बोलते.

वाटसरू, गरीब कष्टाळू असतात हे अभ्यास दाखवून सिद्ध करायची धडपड मला लहानपणीसुद्धा टोचायची. आमच्या घरी येणारा प्रत्येक भला माणूस आई किती राबते हे बघून हळहळायचा. ती आजारी पडून वर्षभर झोपून राहिली तेव्हा तीच हळहळ आटली. आळशी माणसाच्या मुलालाही भूक लागते. मुलाला जेवायला मिळण्यासाठी आई-बापांना चारित्र्याचा दाखला का लागावा?

पण अटी सरसकट वाईट, असंही मी म्हणणार नाही. माझ्या मदतीला शाळेतल्या हजेरीची अट होती. घरात मला कामाला लावायचा विषय निघाला तेव्हा आईच्या हातात तेवढंच एक उत्तर होतं: “तिची शाळा सुटली तर पैसेही थांबतील.” त्या अटीने माझ्यासाठी भांडण केलं. मेक्सिकोने १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ ही अशीच हजेरीची अट असलेली रोख मदतीची योजना सुरू केली तेव्हा माध्यमिक वर्गांत मुलींसाठी मुलांपेक्षा जास्त रक्कम ठेवली, कारण मुलींची शाळा आधी सुटत होती. ज्याने कुणी तो आकडा ठरवला त्याला घराच्या आतलं कळत होतं.

तेव्हा अट कोणाच्या बाजूने उभी आहे, ते बघा.

कर्दळ

सांजवात, वाचून गप्प झाले. रोख नकोच हे माझं म्हणणं मागे घेते. धान्याचा आग्रह अजून आहे, कारण भाव चढले की रोख रक्कम तोकडी पडते आणि ती वाढवायला कुणी धावत येत नाही.

हिशोबी

कर्दळ यांचा भाववाढीचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत व्यवहारी मुद्दा आहे.

माझा कल कामाच्या हमीकडे आहे. महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी उभी केली आणि १९७७मध्ये तिचा कायदा केला. पुढे २००५मध्ये देशभरचा कायदा आला. तिची खुबी अशी की लायकी कुणी तपासायचीच नाही. उन्हात माती उपसायला जो येतो तो गरजू, हे आपोआप ठरतं. मृद्‌गंध यांच्या खिडकीवरची निम्मी भांडणं तिथे उद्भवतच नाहीत. शिवाय घेणाऱ्याची मान ताठ राहते. कमावलेल्या पैशाला कुणी भीक म्हणत नाही.

वाटसरू

मान ताठ राहते, हे खरं. सांजवातची आई मात्र त्या वर्षी माती उपसायला जाऊ शकली नसती. म्हातारे, अपंग, नुकतीच बाळंत झालेली बाई, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारी सून, यांच्यासाठी तुमच्या हमीत काय आहे?

हिशोबी

काही नाही. त्यांच्यासाठी विनाअट पेन्शन हवी, यावर माझा वाद नाही. पण कोण काम करू शकतो आणि कोण नाही, हे ठरवायला पुन्हा कुणीतरी खिडकीमागे बसणारच. तिथे काय करायचं ते मृद्‌गंध यांनी सांगावं.

मृद्‌गंध

आधी पैसे सुरू करायचे, तपासणी मागाहून. आम्ही उलटं करायचो, आणि तपासणीला लागणारे महिने अर्जदाराच्या पोटातून जायचे.

दुसरं, अर्ज नाकारला की कारण साध्या भाषेत लिहून द्यायचं आणि कागद मिळवायची जबाबदारी कार्यालयाने घ्यायची. दोन्ही कागद सरकारनेच दिलेले होते. वेलांटी जुळवायला ती बाई का हिंडली?

हिशोबी

आणि मागाहूनच्या तपासणीत माणूस अपात्र निघाला तर? वसुली करायची की सोडून द्यायचं? करदात्याला याचं उत्तर द्यावं लागेल.

मृद्‌गंध

जाणूनबुजून फसवलं असेल तर वसुली, हप्त्याहप्त्याने. सही राहून गेली, तारीख चुकली, वेलांटी वेगळी निघाली, तर नाही. नेदरलँड्सच्या त्या खात्याने नेमका हाच फरक केला नव्हता.