पुण्यात २६ लाख की बंगळुरात ३४? माझ्या मते जावं, पटत नसेल तर खोडून काढा

हिशेबनीस (धागाकर्ता)

कंपनीने बंगळूरची बदली पुढे केली आहे. इथे वर्षाला २६ लाख, तिकडे ३४. कोथरूडला स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं. बायको एका खासगी शाळेत गणित शिकवते, मुलगी सहावीत, आईबाबा सदाशिव पेठेत दोघंच. नातेवाइकांना विचारलं तर निम्मे म्हणतात "फार महाग रे ते", उरलेले म्हणतात "हवा मस्त आहे". यावर कसला निर्णय घेणार? म्हणून आकडेच मांडले.

वाढीव ८ लाख सगळे ३० टक्क्यांच्या टप्प्यात. उपकरासकट ३१.२ टक्के गेले की महिन्याला साधारण ४६ हजार जास्त हातात. इथला फ्लॅट २८ हजारांना जाईल, बेलंदूरला तेवढाच फ्लॅट ५२ हजारांना दिसतोय. घरामागे २४ हजार गेले, उरले २२. किराण्यात फारसा फरक नाही. दर्शिनीतला (तिथल्या उभ्याने खायच्या स्वस्त हॉटेलातला) नाश्ता पुण्याच्या निम्म्यात होतो. २०० युनिटपर्यंत वीज फुकट, भाडेकरूलासुद्धा. उन्हाळ्यात एसी नको.

जावं, असं माझं मत. विरोध करायचा तर नुसतं "महाग आहे" म्हणू नका, कुठला आकडा चुकलाय ते दाखवा.

कर्वेरोडकर

घ्या, दाखवतो. २८ हजार भाडं पूर्ण खिशात घातलंत, त्यावरचा कर कुठे आहे? ३० टक्के सरसकट वजावट धरली तरी महिन्याला सहा हजारांच्या आसपास कर बसेल. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते तो नॉन-ऑक्युपन्सी आकार वेगळा. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट नाही, त्यामुळे तिकडचे ५२ हजार तुमच्या कर भरून उरलेल्या पैशातूनच जाणार. भाडं ५० हजारांवर गेलं की २ टक्के टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची, म्हणजे तुमची. त्यात पैसे जात नाहीत, पण कटकट आहे आणि घरमालकाचं तोंड वाकडं होतं ते वेगळंच.

अनामत मोजलीत? बंगळुरात पूर्वी दहा महिन्यांची रीत होती, आता पाच-सहावर आली आहे. ५२ गुणिले ६, तीन लाख बिनव्याजी अडकले. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली त्यातला एका महिन्याच्या भाड्याएवढा तुकडा मोडतो. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो केंद्राचा नमुना. राज्याने स्वीकारला तर लागू.

आणि फुकट विजेचं कलम नीट वाचा. घराचा आधीचा सरासरी वापर अधिक १० टक्के, एवढंच फुकट. नव्या मीटरला ही सरासरी ५३ युनिट धरतात. गिझर, इंडक्शन, दोन लॅपटॉप असलेल्या घराचं त्यात काय होणार?

व्हाइटफील्डवाला

पुण्यात बसून बंगळूरचा हिशेब मांडणाऱ्यांचं नेहमी हेच होतं. रंगकामाचं खरं आहे, मीही भरलेत. पण ती एकदाची झळ, दर महिन्याची नव्हे. मी वाकडहून इकडे आलो आणि परत जाण्याचा विचार एकदाही मनात आला नाही. पगाराच्या पहिल्या उडीकडे बघू नका, दुसरीकडे बघा. इथे नोकरी बदलायची तर घर बदलावं लागत नाही, त्याच रस्त्यावर चार कंपन्या असतात. माझ्या क्षेत्रात (चिप डिझाइन) पुण्यात मोजून मापून पर्याय होते. ही गोष्ट महिन्याच्या जमाखर्चात दिसतच नाही.

ट्रॅफिक वाईट आहे, मान्य. पण हिंजवडीला जाऊन आलेल्या माणसाने बंगळूरच्या ट्रॅफिकवर बोलूच नये.

कर्वेरोडकर

आणि पाणी?

व्हाइटफील्डवाला

२०२४ च्या उन्हाळ्यात हाल झाले, खोटं कशाला बोलू. बोअर आटले, टँकरचे भाव भडकले, आमच्या सोसायटीत नळांना बारीक जाळ्या बसवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, कडेच्या ११० गावांच्या भागासाठी. तेव्हापासून बरं आहे, टँकर बंद मात्र झालेले नाहीत. घर बघताना विचारायचं ते एवढंच: कावेरीची जोडणी आहे का, आणि मागच्या एप्रिलचं मेंटेनन्सचं बिल दाखवा. दलाल बिल दाखवायला टाळाटाळ करू लागला तर पुढचं घर बघा. आणि वाघोलीत, बावधनला टँकर येत नाहीत का? धरणं चार असून?

बीएडवाली

सगळा धागा वाचला. बायको गणित शिकवते, हे एका ओळीत सांगून झालं आणि पुढे तिचा पगार कुठेच नाही! मी नवऱ्याच्या बदलीपायी शाळा सोडली आहे. गणिताच्या शिक्षिकेला नोकरी मिळते, बरोबर. पण खासगी शाळेत नव्याने लागलात की अनुभव जुना आणि पगार सुरुवातीचा. मधलं रिकामं वर्ष वेगळं. समजा तिचे ४० हजार वर्षभर बंद झाले आणि नंतर ३० वर सुरू झाले, तर तुमचे ते २२ हजार आधीच संपलेत. आईबाबांबद्दल तर चकार शब्द नाही. रात्री दोनला फोन आला तर पुण्याला पहिलं विमान सकाळी, आणि तोवर शेजारीच बघणार.

हिशेबनीस

@बीएडवाली, तिच्याशी बोलूनच लिहिलंय, तिलाही बदल हवा आहे. पण आकडा धरायला हवा होता हे बरोबर, आता धरतो. आईबाबांना सोबत नेणार नाही. बाबा पेठ सोडणार नाहीत आणि मी आग्रह करणार नाही. बहीण सिंहगड रोडला आहे.

काचीगुडा

कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. तुमच्या धाग्यातली सगळ्यात महागडी ओळ "मुलगी सहावीत" ही आहे.

कर्नाटकात राज्याच्या कोट्यातून मेडिकल-इंजिनिअरिंगला बसायचं तर सर्वसाधारण कलमाप्रमाणे पहिली ते बारावीतली सात वर्षं तिथल्या शाळा-कॉलेजात काढलेली लागतात. जूनमध्ये गेलात तर ती सातवीत बसेल. सातवी ते बारावी, सहा वर्षं. एका वर्षाने हुकली. आता महाराष्ट्राकडे या. एमबीबीएसच्या राज्य कोट्याला डोमिसाइल तर हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून. म्हणजे मेडिकलसाठी ती ना इथली, ना तिथली. उरला अखिल भारतीय १५ टक्के कोटा आणि खासगी कॉलेजांच्या महागड्या जागा. सैन्यातले, केंद्र सरकारी नोकर यांना वेगळी कलमं आहेत, तुम्ही त्यात बसत नाही. खासगी एमबीबीएसची वर्षाची फी बघा आणि मग सांगा आठ लाखांच्या वाढीचं काय झालं.

व्हाइटफील्डवाला

सहावीतल्या पोरीला डॉक्टर करूनही मोकळे झालात? पुण्यात राहिली असती तर सरकारी मेडिकल कॉलेज मिळणारच होतं का? इंजिनिअरिंगचं चित्र तर इतकं वाईट नाहीच. महाराष्ट्रात आई किंवा वडील डोमिसाइल असले तरी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला मूल पात्र ठरतं, दहावी-बारावी बाहेरून झाली तरी. एनआयटीचा गृहराज्य कोटा बारावी कुठून केली त्यावर ठरतो, म्हणजे तिला कर्नाटकातल्या सुरतकल एनआयटीच्या निम्म्या जागा खुल्या. कर्नाटकातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांची कॉमेडके परीक्षा देशभरातल्या मुलांना खुली आहे. बायोलॉजी न घेणाऱ्या मुलीला तुमच्या नियमाचा काडीचा त्रास नाही.

काचीगुडा

इंजिनिअरिंगचं मान्य. पण बायोलॉजी घ्यायची की नाही हे ती अकरावीत ठरवेल की बापाची बदली? कर्नाटकात जायचंच होतं तर पाचवी संपताना जायला हवं होतं, सात वर्षं नेमकी भरली असती. नाहीतर आता दहावी-बारावी इथे होऊ द्या. आणि जात प्रमाणपत्र असेल तर तेही बघून ठेवा. राज्य बदललं की इथलं आरक्षण तिथल्या राज्याच्या जागांना चालत नाही.

कंपनीचं ऑफिस हैदराबादला असेल तर तेही विचारा. तेलंगणात मेडिकलला स्थानिक ठरायला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं लागतात. म्हणजे नववीत आलात तरी चालतं, अजून दोन वर्षं हातात आहेत. अनामत बहुधा दोन महिन्यांची. पुण्याहून शताब्दी सकाळी सुटते, दुपारी हैदराबादेत. तुमचे आईबाबा विमानाशिवाय येऊ शकतील. कोटी-काचीगुड्याकडे जुनी मराठी घरं आहेत, विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींची शिक्षणसंस्था १९०७ पासून चालू आहे.

कर्वेरोडकर

हैदराबादेत पेट्रोल पुण्यापेक्षाही महाग, तेवढं सांगायचं राहिलं वाटतं!

गाडीवरून आठवलं. बारा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर गाडीची तिथे पुन्हा नोंदणी. इथल्या आरटीओची ना-हरकत, तिथला कर भरा, मग इथला उरलेला कर परत मिळवण्यासाठी खेटे घाला. कर्नाटकचा आजीवन कर देशात चढ्यांपैकी: पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के आणि वर उपकर. इथे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी लागतो, तरी विकून जाणंच परवडेल.

हिशेबनीस

गाडी सात वर्षांची आहे, विकतोच.

मुलीच्या सात वर्षांचं डोक्यात नव्हतं. तरी "जावं" यावर मी ठाम आहे, व्हाइटफील्डवाल्यांचा दुसऱ्या उडीचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. पण बंगळूरच का, हा प्रश्न उघडा पडला. हैदराबादला ऑफिस आहे, गच्चीबोलीला. सोमवारी साहेबांना विचारतो. तेलुगूचं काय, दहावीपर्यंत सक्ती आहे ना?

काचीगुडा

आहे, २०१८ पासून कायदाच आहे. कन्नडचीही आहे, त्यामुळे तो हिशेब दोन्हीकडे सारखा. शाळेत जाऊन विचारा की बाहेरून आलेल्या मुलांना सोपं पुस्तक देता का. आणि घर बघायला मे महिन्यात या, दुपारी. डिसेंबरात सगळीच घरं थंड वाटतात.