स्विफ्ट खाली बसवली आणि प्रत्येक खड्डा मणक्यात जातोय, दोष नक्की कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. हौस माझीच होती हे आधीच कबूल करतो. "मग केलीस कशाला?" हा प्रतिसाद आईने घरीच दिलेला आहे, तो इथे नाही दिला तरी चालेल.

गाडी स्विफ्ट झेडडीआय, २०१४ची, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. दीड महिन्यापूर्वी कोल्हापुरात चारही स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवून घेतली. नव्या स्प्रिंगांच्या खोक्यावर गाडी ४० मिमी खाली येईल असं लिहिलंय आणि मूळच्यापेक्षा साधारण ३० टक्के कडक असं विकणाऱ्याने सांगितलं. शॉकअप जुनेच ठेवले, बजेट तिथेच संपलं. त्याच दिवशी १६ इंची अलॉय आणि १९५/५५चे टायर चढवले, आधी १८५/६५ आर १५ होते. मिस्त्री म्हणाला, "खोललंच आहे तर लोअर आर्मचे बुशपण बदलून टाकू." म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या टोकातले रबरी सांधे. ते फाटलेले होते हे मीही पाहिलं, म्हणून हो म्हटलं.

आता त्रास सांगतो. कडक होणार हे माहीत होतं. पण हे कडक नाही, हे टणक आहे. डांबराचा साधा पॅच आला तरी पुढून "ठक" असा कोरडा आवाज येतो आणि स्टिअरिंग हातात थरथरतं. महामार्गावर ८०-९०ला पुलाचे जोड लागले की दात वाजतात. स्पीडब्रेकरवर मागची बाजू टपकन उडते. गगनबावड्याला गेलो होतो, येताना आई मागच्या सीटवरून पुढे येऊन बसली आणि अर्ध्या तासाने परत मागे गेली, म्हणाली दोन्हीकडे सारखंच आहे.

मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं: "नवी स्प्रिंग आहे, बसेल हळूहळू." दीड महिना झाला, २२०० किलोमीटर झाले. बसलो फक्त मी. अलाइनमेंट करून घेतलंय, टायर एकसारखे झिजताहेत, शॉकअपमधून तेल गळत नाही.

मला कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकअपची महागडी जोडी) वगैरे घ्यायचे नाहीत. आहे त्यात दोष कुठे आहे तो क्रमाने कसा शोधू, एवढंच सांगा.

प्रतिसाद:
टायरमध्ये हवा किती आहे? नवे टायर बसवताना दुकानवाले रिमवर बसावा म्हणून जास्त भरतात आणि कमी करायला विसरतात. गाडी थंड असताना मोजा आणि ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरशी ताडून बघा. तुमच्या टायरचा एकूण व्यास जवळपास तोच राहिलाय, पण बाजूची भिंत १२० मिमीवरून १०७वर आली आहे. म्हणजे गादी १३ मिमीने पातळ झाली. त्यात हवा जास्त असेल तर बारीक खडखड तिथूनच येते. फुकटचं काम आहे, आधी हेच करा.

धागाकर्ता:
मोजली. चारही चाकांत ४० पीएसआय! स्टिकरवर आणली. बारीक खडी आता कमी जाणवते, स्टिअरिंगची थरथरही निम्म्यावर आली. पण ठक जागच्या जागी आहे.

प्रतिसाद:
३० टक्के कडक स्प्रिंगने एवढं होत नाही. गाडीच्या डोलण्याची गती स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे ३० टक्क्यांना जेमतेम १४ टक्के. ते अंगाला कळतं, पण दात वाजत नाहीत. ठक आवाज येतो म्हणजे काहीतरी कशावर तरी आदळतंय. माझा पैसा बंप स्टॉपवर.

शॉकअपच्या दांड्यावर वरच्या बाजूला फोमसारखा ठोकळा असतो, गॅरेजात त्यालाच बफर म्हणतात. मूळ उंचीला तो आणि शॉकअपची नळी यांच्यात मोकळी जागा असते, चाक वर आलं की तेवढी जागा वापरली जाते. गाडी ४० मिमी खाली आणली की त्यातले जवळजवळ ४० मिमी उभ्या गाडीतच खर्च होतात, कारण पुढच्या स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) चाक जेवढं हलतं जवळपास तेवढाच दांडा हलतो. उरलेल्या थोड्याशा जागेनंतर तुम्ही स्प्रिंगवर नाही, त्या ठोकळ्यावर चालवताय.

तपासायला दहा रुपये लागतील. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, डस्ट कव्हर वर सरकवून बांधा, दांड्यावर प्लास्टिकचा केबल टाय घट्टसर लावा आणि नळीच्या तोंडापर्यंत खाली सरकवा. मग रोजच्या रस्त्याने दोन किलोमीटर जाऊन या. नळी टायला वर ढकलत नेते, टाय जिथे थांबलेला दिसेल तिथपर्यंत प्रवास झाला. टाय ठोकळ्याला जाऊन चिकटला असेल तर उत्तर मिळालं.

प्रतिसाद:
बफर काढून टाका सरळ. आमच्या ग्रुपमध्ये चार गाड्या तशाच फिरतात, काही होत नाही.

प्रतिसाद:
वरचा सल्ला कृपया कुणी घेऊ नका. ठोकळा नसला की मोठ्या खड्ड्यात शॉकअपच्या आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आपटतो. चार गाड्यांना काही झालं नाही याचा अर्थ अजून झालं नाही एवढाच.

धागाकर्त्याला दोन प्रश्न. एक, लोअर आर्मचे बुश बसवल्यावर बोल्ट कधी आवळले? गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना, की चाकं जमिनीवर टेकल्यावर? या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लोंबकळत आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलेल्या अवस्थेत कायमचं अडकतं. तुमची गाडी तर नेहमीपेक्षा ४० मिमी जास्त खाली येते, म्हणजे पीळ आणखी जास्त. चाल जड होते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो.

दोन, मागच्या स्प्रिंगांत काय आहे ते टॉर्च घेऊन पाहिलंत का?

धागाकर्ता:
दुसरा प्रश्न कशासाठी ते तेव्हा कळलं नव्हतं. काल रात्री टॉर्च घेऊन गाडीखाली डोकं घातलं आणि एकटाच हसत बसलो. २०१८ साली वडिलांनी गाडीचं पोट रस्त्याला लागतं म्हणून मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी गोळे बसवून घेतले होते. गाडी उंच राहावी म्हणून! मिस्त्रीने ते जुन्या स्प्रिंगांतून काढून इमाने इतबारे नव्या स्प्रिंगांत बसवले आहेत. म्हणजे मी पैसे देऊन गाडी खाली आणली आणि वडिलांच्या पैशांनी ती मागून वर धरून ठेवलीय.

प्रतिसाद:
काढा, आजच काढा. तो रबराचा गोळा दोन वेटोळी एकमेकांना जाम करतो, म्हणजे हलणारं एक वेटोळं कमी. स्प्रिंगची हलणारी वेटोळी जितकी कमी तितकी ती कडक. सहापैकी एक वेटोळं बंद पडलं तर २० टक्के कडकपणा तिथेच वाढला. ग्राइंडरने वेटोळं कापून गाडी बसवतात त्यातही हाच मामला असतो, वर कापलेलं टोक नीट टेकत नाही ते वेगळंच. मागची बाजू टपकन उडते ती यानेच.

धागाकर्ता:
रविवारचा हिशेब देतो, कारण असे धागे उत्तराविना सोडून जाणाऱ्यांवर मीच चिडत असतो.

मागचे गोळे काढले. साबणाचं पाणी, मोठा स्क्रूड्रायव्हर आणि थोड्या शिव्या. मागची बाजू लगेच माणसात आली, उंची १२ मिमीने उतरली.

पुढच्या टायची परीक्षा घेतली. दोन किलोमीटर लागलेच नाहीत, गल्लीच्या तोंडाशी आलो तोवर दोन्ही टाय ठोकळ्याला जाऊन चिकटलेले. उभ्या गाडीत ठोकळा आणि नळीतलं अंतर मोजलं: डावीकडे ९ मिमी, उजवीकडे ७. एवढ्याशा जागेवर मी २२०० किलोमीटर काढले!

मग बुश. मिस्त्री बदलला, उद्यमनगरातले एक वयस्कर काका पाहिले. गाडी चारही चाकांवर गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी करून त्यांनी खालून लोअर आर्मचे बोल्ट सैल केले. दुसरा बोल्ट सैल होताना "कट्ट" असा आवाज झाला आणि गाडी पुढून सरळ खाली गेली. मोजलं तर ६ मिमी. पिळलेलं रबर इतके दिवस गाडी उचलून धरत होतं. गाडी मागेपुढे ढकलून, बॉनेट दाबून, मग ती तशीच टेकलेली असताना बोल्ट टॉर्क पान्याने आवळले.

बारीक पॅचवरची ती मेलेली चाल गेली. पण ठोकळ्याजवळची मोकळी जागा ९ आणि ७वरून ३ आणि १वर आली! एक दोष काढला तर दुसरा अजून ठळक झाला. आता काय करू? ठोकळा थोडा कापावा का?

प्रतिसाद:
खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड बंप स्टॉप तयार मिळतात, शॉकअपच्या दांड्याची जाडी मोजून मागवा. कापायचाच असेल तर निमुळतं टोक ठेवा, जाड बाजूने एक खाच कमी करा आणि वरची बैठक नीट बसते का बघा. निमुळत्या टोकामुळे टेकणं हळूहळू होतं, तेच कापलं तर पुन्हा ठक. पण कापण्याला मर्यादा आहे. उरलेला ठोकळा पूर्ण दबल्यावरसुद्धा शॉकअप तळाला लागता कामा नये.

आणि खरं सांगायचं तर लाखभर किलोमीटर झालेले मूळ शॉकअप या स्प्रिंगांसाठी बनलेलेच नाहीत. कडक स्प्रिंग उसळून परत येते तिला आवरायची ताकद त्यांत नाही. दुसरा खड्डा येईपर्यंत गाडी पहिल्यातून सावरलेली नसते, म्हणून तिचं डोलणं वाढत जातं आणि ती ठोकळा गाठते. आखूड दांड्याचे, या स्प्रिंगांना जुळणारे शॉकअप किंवा २५ मिमीवाल्या स्प्रिंगा, यातलं एक कधीतरी करावं लागेल.

प्रतिसाद:
विषयाला थोडं सोडून, पण सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून ठेवा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल म्हटला की पोलीस आणि विमावाला दोघांच्याही हातात कोलीत मिळतं. शिवाय स्विफ्टची मोकळी उंची १७० मिमी. त्यातले ४० गेले की १३० उरतात, चार माणसं बसली की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १०० मिमी उंच पण ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून तुम्ही आरामात जाल. तुमच्या गल्लीतला त्या मापाचा आहे का, बघा जरा.

धागाकर्ता:
गल्लीतला गतिरोधक नाही, तो बांध आहे. शेजारच्या काकांनी स्वतः घातलाय.

शेवटची नोंद. आखूड बंप स्टॉप मागवून उद्यमनगरातल्या काकांकडून बसवले. मोकळी जागा डावीकडे २४, उजवीकडे २२. तोच टाय, तोच रस्ता: ठोकळ्याच्या आधीच थांबला, फक्त बांधावर टेकला. महामार्गावरच्या पुलांचे जोड आता मोजता येतात, सोसावे लागत नाहीत. गाडी कडक आहे, पण टणक नाही. सलग खड्ड्यांत पुढून अजून डुलते, म्हणजे शॉकअपचा मुद्दा बरोबर होता. दिवाळीनंतर बघतो.

कालच आईने विचारलं, माळ्यावरच्या त्या चार जुन्या स्प्रिंगा भंगारवाल्याला द्यायच्या का, जागा अडते. तिला म्हटलं राहू देत. ती म्हणाली, मला वाटलंच.